पक्ष्यांचा हिशोब



माझ्या कोपरखैरण्याच्या गॅलरीतल्या गोल्डियन फिंचचे फोटो ग्रुपवर पाहून आपल्यातल्या तिघांनी विचारलं, यात धंदा आहे का? त्यातल्या एकाची नोकरी नुकतीच गेली आहे आणि तो पी.एफ.चे पैसे घालायच्या बेतात होता. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. का, ते त्याच्याच परवानगीने सांगते. गणिताच्या बाई समोर बसल्यात, म्हणून हिशोब मांडूनच.

कागदावर सगळं छान दिसतं. मादी एका वेळी चार ते आठ अंडी घालते, दोनेक आठवड्यांत पिल्लं, पुढच्या तीन आठवड्यांत ती घरट्याबाहेर. वर्षातून तीनदा वीण धरली की एक्सेल शीट हसायला लागते. पण पिल्लं मळकट हिरवी-राखाडी असतात. तो जांभळा-पिवळा रंग यायला कित्येक महिने जातात आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते रंगाचे. तोवर राळं, बाजरी, उकडलेलं अंडं, समुद्रफेस आपल्या खिशातून. पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते, ते वेगळंच. काही जोड्या अंडी उबवतच नाहीत. मग ती बेंगाली फिंचखाली ठेवायची, म्हणजे दाईचा आणखी एक पिंजरा. रोज सकाळचा माझा पाऊण तास मी धरतच नाही. पगाराच्या दराने धरला तर शीट बंदच करावी लागेल.

खरी मेख भावात आहे. ऑस्ट्रेलियाने १९६० पासून आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात थांबवली, त्यामुळे बाजारातले गोल्डियन पिंजऱ्यांतच जन्मलेले. नवा रंग निघाला की पहिल्या दोघाचौघांना पैसा मिळतो. त्यांच्याकडून जोडी नेणारा पुढच्या वर्षी स्वतःच विकायला उभा राहतो. आपलं गिऱ्हाईक हाच आपला स्पर्धक! मग घाईने रंग पक्का करायला भावंडांच्या जोड्या लावतात आणि पिल्लं अशक्त निघतात.

सन कन्यूरसारखा परदेशी पोपट घ्याल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करा, पिल्लं झाली तरी कळवा. आपला हिरवा पोपट आणि रानातली मुनिया मात्र पाळूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

हौस असेल तर बेंगाली फिंचपासून सुरुवात करा. पहिली जोडी मी फुकट देईन, पिंजरा तेवढा घेऊन या.