मोबाईलमधला आकडा आणि त्याची पारख



पूर्वी पीकपाहणीच्या वेळी तलाठी भाऊसाहेब विचारून विचारून वहीत क्षेत्र लिहीत. कुणी घाईत "एक एकर पन्नास गुंठे" म्हणाला, की ते लेखणी थांबवीत. "अहो, चाळीस गुंठ्यांचा एकर. मग वरचे पन्नास कसे?" १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी पिकाची नोंद स्वतः मोबाईलवर करू लागला. सोय झाली खरी. पण मोबाईलवर कुठलाही अर्ज भरताना लेखणी थांबवणारा माणूस समोर नसतो. त्याचं काम ॲप बनवणाऱ्यानं प्रोग्राममध्ये आधीच लिहून ठेवावं लागतं. ते कसं, एवढंच आज पाहू.

रकान्यात तुम्ही ५ लिहिता, तेव्हा फोनच्या लेखी ती संख्या नसते. 'क', 'ख' यांसारखंच ते एक चिन्ह असतं. चिन्हांची संख्या प्रोग्राम बनवतो. नुसता अंकांचा कळफलक दाखवला म्हणजे भागलं, असं पुष्कळांना वाटतं. पण दुसरीकडचा मजकूर उचलून तिथं चिकटवता येतो, म्हणून पारख हवीच.

पहिली पारख चिन्हांची. मागेपुढे राहिलेली मोकळी जागा आणि १,२५,००० मधले स्वल्पविराम प्रोग्रामनं स्वतः काढून टाकावेत. आपले मराठी अंक आणि इंग्रजी अंक फोनला वेगवेगळे दिसतात. मराठी ५ लिहिला म्हणून अर्ज नाकारणं बरं नव्हे. त्याचं रूपांतर करून घ्यावं.

दुसरी पारख मर्यादेची. एकराचा रकाना वेगळा असेल, तर गुंठे ० ते ३९. हेक्टरचा असेल, तर आर ० ते ९९. आणि रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे! गैरहजर मुलाला शून्य गुण दिले, तर त्याच्यावर अन्याय होतो, हे गुरुजींना सांगायला नको.

मोबाईल क्रमांक, खाते क्रमांक ही नावापुरती संख्या. त्यांची बेरीज कोण करतो? ती अक्षरांसारखीच जपावीत. नाहीतर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात. शिवाय प्रोग्राममधल्या नेहमीच्या पूर्णांकाच्या खणात २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नाही. ९ नं सुरू होणारा दहा अंकी क्रमांक तिथं बसणार कसा?

तिसरी पारख मोठी गमतीची. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. व्हेरहोफ या डच गणितज्ञानं १९६९ साली ही रीत मांडली. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, की हिशेब जुळत नाही आणि चूक तिथंच उघडी पडते.

चूक सापडली, तर सांगावी कशी? "अवैध माहिती" एवढंच म्हटलं, तर म्हातारा माणूस गोंधळतो. "गुंठे ० ते ३९ यांमध्ये लिहा," असं सांगावं, आणि त्यानं भरलेलं बाकीचं पुसून टाकू नये. फोनवर तपासलं तरी कचेरीतल्या संगणकानं पुन्हा तपासावं.

एवढं करूनही एक चूक निसटते. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५. कुणी ते १.५ लिहिलं, तर झालं एक हेक्टर पन्नास आर! दोन्ही आकडे नियमात बसतात. नोंद मात्र पंचेचाळीस आरांनी चुकली. इथं उपाय एकच. शेवटी ॲपनं वाचून दाखवावं, "आपण १ हेक्टर ५० आर लिहिलं. बरोबर?" आणि आपण 'हो' दाबण्याआधी सातबारा शेजारी धरून पाहावं.

गुरुजी, शाळेत हा खेळ जरूर घ्या. फळ्यावर "शंभरपैकी गुण" असा रकाना आखा. एका मुलानं दाराशी पहारेकरी व्हावं, बाकीच्यांनी १०१, उणे पाच, 'चाळीस', रिकामी जागा असं काहीबाही आत धाडून पाहावं. कशाला आत घ्यायचं, कशाला अडवायचं आणि अडवलं तर काय सांगायचं, हे मुलं आपणच ठरवतील. प्रोग्राम लिहिण्याचा पहिला धडा तोच.