कपाटाची किल्ली कुणाकडं?

(जळगावच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी धुळ्याचा. बाप हमाल, माय चार घरची धुणीभांडी करायची. पंधराव्या वर्षी मी एका वाचनालयात गेलो. त्याचं नाव सांगत नाही. नाव कुठलंही घाला, गोष्ट जमेल. टेबलामागच्या माणसानं अनामत मागितली. पुढच्या महिन्यात अनामत घेऊन गेलो, तर म्हणाला, ओळखीचा सभासद आण. तोही आणला. मग मी काचेच्या कपाटातल्या एका जाड पुस्तकाकडं बोट दाखवलं. कपाटाला कुलूप. तो म्हणाला, "ते तुझ्या वयाचं नाही. बालविभागात इसापनीती आहे, ती घे." इसापनीती घेऊन घरी आलो. मायला अक्षर येत नव्हतं. म्हणाली, "माले काही समजत नही, पन तू वाच."

जिला अक्षर येत नाही ती 'वाच' म्हणते, आणि ज्याच्या कमरेला किल्ली तो 'नको' म्हणतो. त्या दिवसापासून हे कोडं माझ्या डोक्यात आहे.

बाबासाहेबांचं शाळकरी वय आठवा. परळच्या चाळीतली एक खोली. पुस्तकाला पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडं जायचे, त्यांचे दागिने मागून आणायचे, ते गहाण टाकायचे आणि पोराला पुस्तक आणायचे. आपल्या चळवळीचा पहिला ग्रंथनिधी हा असा, बहिणींच्या अंगावरून उतरलेला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या पोराला केळुस्कर गुरुजींनी हेरलं आणि स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. 'तुझ्या वयाचं नाही' असं गुरुजी म्हणाले नाहीत. १९५६ चं नागपूर त्या पुस्तकापासून किती लांब आहे, ते तुम्हीच मोजा.

म्हणजे पोराच्या हाती पुस्तक पडायला दोन गोष्टी लागतात. पैसा आणि मोकळीक. एक असून भागत नाही.

आधी पैशाचं बघू. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. वाचनालयं चालवायची संस्थांनी, सरकारनं अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान द्यायचं. मद्रासकडं १९४८ च्या कायद्यापासून घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतात. आपल्या कायद्यात तसा कर नाही. म्हणून आपली वाचनालयं दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडाकडं बघत बसतात. ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली केंद्र सरकारनं कलकत्त्याला राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान काढलं. बालविभागाला मदत देण्याची योजना त्यांच्याकडं आहे. पण चौदा ते अठराच्या पोरापोरींचं काय? त्यांच्यासाठी अभ्यासिका. खुर्ची, पंखा आणि ट्यूबलाइट. पुस्तक घरून आणायचं, तेही स्पर्धा परीक्षेचं गाईड. नोकरी पाहिजेच, मी नाही म्हणत नाही. पण ज्या वयात माणसाला 'हे असं का?' असा प्रश्न पडतो, त्याच वयात त्याच्या हातात फक्त उत्तरसूची द्यायची, हा काय न्याय झाला?

आता मोकळीक. १९८७ साली महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. केवढं वादळ उठलं! खंड जाळला गेला. राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढून टाका, अशी मागणी झाली. १९८८ च्या फेब्रुवारीत आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली, म्हणून ते पान वाचलं. सरकारनं मात्र या मतांशी आपण सहमत नाही अशी टीप जोडली. ही झाली उघड अडवणूक. दुसरी मुकी असते. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. बाबासाहेबांच्या खंडांच्या नऊ लाख प्रती छापायच्या म्हणून ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापल्या फक्त ३३ हजार, असं त्या बातमीत होतं. पुस्तक जाळलं की धूर दिसतो. गोदामात कागद पडून राहिला की काहीच दिसत नाही.

ज्यांच्यावरून आपण 'पँथर' हे नाव घेतलं, त्या काळ्यांच्या देशातली गोष्ट ऐका. २७ मार्च १९६१. मिसिसिपीतलं जॅक्सन शहर. टूगालू कॉलेजचे नऊ काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या सार्वजनिक वाचनालयात शिरले आणि टेबलाशी वाचत बसले. पोलिसांनी उचलून आत टाकलं. गुन्हा एवढाच, की उठा म्हटल्यावर उठले नाहीत. त्याच देशात १९६९ साली ग्रंथपालांनी 'फ्रीडम टू रीड फाउंडेशन' काढलं. ही संस्था वाचनालयांना लहान लहान रकमा देते. कशासाठी? अडवलेली पुस्तकं काढा, पोरांना बोलवा, वाचा, वाद घाला. रकमा लहान, पण काम नेमकं.

आता आपल्या अंगणात या. १९२९ साली चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना न्यायला नकार दिला. टांगा हाकायची सवय नसलेल्या आपल्याच माणसानं तो हाकला, टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त लिहून ठेवलंय. चाळीसगाव तुमच्याच जिल्ह्यात. इथं बसलेल्या नववी ते बारावीच्या पोरापोरींनी हात वर करा. कुणी कुणी वाचलंय?

चार हात. मी मोजले.

लाज तुम्हाला वाटायची नाही. ती आम्हा मोठ्यांना वाटली पाहिजे. १४ एप्रिलला आपण वस्तीवस्तीत वर्गणी काढतो. डीजेला किती जाते, मंडपाला किती जाते, सगळ्यांना ठाऊक आहे. नाचा, जरूर नाचा, तो दिवस आपला आहे. पण त्या वर्गणीचा दहावा हिस्सा बाजूला काढा. एक वस्ती जळगावची, एक धुळ्याची. तेरा ते अठराच्या पोरापोरींचा वाचनवर्ग सुरू करू. अनामत नाही. जामीन नाही. कपाटाला कुलूप नाही. पुस्तकांची यादी पोरंच करतील. ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो, कारण १९३७ साली बाबासाहेब तिथं थांबले होते. यंदा तिथं पोरांनी उभं राहून त्यांची पानं मोठ्यानं वाचावीत.

कुणी म्हणेल, आपल्याच खिशातून का? सरकारकडं मागा. मागूच. अनुदान ही भीक नाही, आपल्या मायबापानं काडेपेटीवरसुद्धा कर भरलाय. नगरसेवक देईल त्याचेही घेऊ. पण पैसे देणाऱ्यानं यादी करायची नाही. ही अट मोडली, तर पैसे परत.

आणि आता अवघड प्रश्न. उद्या वर्गातली सोळा वर्षांची पोरगी म्हणाली, मला मनुस्मृती वाचायचीय. किंवा आपल्या पुढाऱ्यांवर कडक टीका करणारं पुस्तक मागितलं. किंवा साधी प्रेमाची कादंबरी. तेव्हा आपण काय म्हणणार? "तुझ्या वयाचं नाही"? मग त्या टेबलामागच्या माणसात आणि आपल्यात फरक काय राहिला? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, ती वाचून जाळली. न वाचता जाळणारे वेगळे, ते तुम्ही १९८८ मध्ये पाहिलेत. तिला पुस्तक द्या. वाचू द्या. मग तिच्याशी बसून भांडा.

रामजीबाबांनी दागिने गहाण टाकले, पुस्तक नाही. एवढं ध्यानात ठेवा. वर्गणीचा डबा आज दाराशी ठेवलाय. जाताना काहीतरी टाका, आणि घरातल्या पोराला विचारा, तुला काय वाचायचंय?

जयभीम.