नव्या सुरांचें गांव

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांत, ‘काळें अरण्य’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या डोंगराळ प्रदेशाच्या कडेला, डोनाउएशिंगेन नांवाचें एक लहानसें गांव आहे. ब्रिगाख आणि ब्रेग या दोन नद्यांचा तेथें संगम होतो आणि तेथून पुढच्या प्रवाहाला डॅन्यूब हें नांव मिळतें. गांवाची वस्ती सुमारें २२,०००. परंतु दरवर्षीं ऑक्टोबर महिन्यांत पूर्वीं कोणींही न ऐकलेलें संगीत ऐकण्यासाठीं देशोदेशींचे संगीतकार, टीकाकार आणि रसिक या गांवीं गोळा होतात.

या उत्सवाचा आरंभ १९२१ सालीं झाला. पहिलें महायुद्ध संपून तीन वर्षेंही लोटलीं नव्हतीं. जर्मनींतील राजेरजवाड्यांची सत्ता गेली होती. तरी गांवांतील फ्युर्स्टेनबर्ग घराण्याचे माक्स एगोन यांनीं या उपक्रमाला आश्रय दिला. दरबारच्या आश्रयाचें मोल, अल्लादियाखांसाहेबांना कोल्हापुरांत लाभलेला मान जाणणाऱ्या महाराष्ट्राला सांगावयास नको. मात्र तेथें आश्रय मिळाला तो परंपरेंत मुरलेल्या गायकीला. येथें तो मिळाला ज्यांची परीक्षा व्हावयाची होती अशा तरुणांना. पहिल्याच वर्षीं ज्याची रचना गाजली तो पाउल हिंडेमिट तेव्हां अवघा पंचवीस वर्षांचा होता. १९२४ सालीं शेनबर्ग आणि वेबर्न यांच्याही रचना येथें सादर झाल्या.

१९२७ सालीं उत्सव बाडेन-बाडेन येथें हलला. पुढें नाझी राजवटींत अशा संगीताला थारा उरला नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० सालीं, उत्सवाची घडी पुन्हा बसली ती त्या प्रांतांतील नभोवाणीच्या साहाय्यानें. राजाची जागा रेडिओनें घेतली. वाद्यवृंद नभोवाणीचा, नव्या रचनांसाठीं पैसा नभोवाणीचा, आणि ध्वनिक्षेपणही तिचेंच.

या आश्रयाची गरज कां पडावी, हें समजून घेण्याजोगें आहे. हिंदुस्थानी गवई नवी जागा सुचली तर तंबोरा घेऊन एकटा बसतो आणि आपल्या गळ्यावर ती पारखून पाहतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठीं लिहिणाऱ्याला ती सोय नाहीं. झेनाकिस या ग्रीक संगीतकाराची ‘मेटास्टासिस’ ही रचना १९५५ सालीं येथें प्रथम वाजली. तींत ६१ वादक, त्यांपैकीं ४६ तंतुवाद्यांचे, आणि त्या प्रत्येकाचें वादन निराळें. शेकडों मिंडी एकाच वेळीं वरखालीं सरकत आहेत, अशी त्या ध्वनीची कल्पना करावी. एवढी माणसें तालीम करून वाजवीपर्यंत असली रचना केवळ कागदच असते.

प्रयोग म्हटला कीं फसण्याचाही संभव आलाच. १९५१ सालीं बूलेझच्या एका रचनेची श्रोत्यांनीं शिट्ट्या वाजवून हुर्यो उडविली. त्यानें ती रचना मागेंच घेतली. परंतु दहा वर्षांनीं, १९६१ मध्यें, हंगेरियन संगीतकार लिगेटी याची ‘अ‍ॅटमॉस्फेअर’ ही रचना त्याच गांवांत वाजली. तींत गुणगुणावी अशी धून नाहीं कीं ठेका धरावा असा ताल नाहीं. केवळ ध्वनीचे ढग हळूहळू रंग बदलतात. श्रोत्यांनीं ती पुन्हा वाजवावयास लाविली. पुढें १९६८ सालच्या ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ या चित्रपटांतून तेच स्वर जगभरच्या प्रेक्षकांच्या कानीं गेले.

लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या नभोवाणीनें मूठभरांच्या आवडीवर खर्च कां करावा, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो अन्यायाचा नव्हे. १९९६ सालीं कपातीचें संकट आलें, तें संगीतकारांच्या तीव्र निषेधानें टळलें. २०१६ सालीं मात्र उत्सवाचा आधारस्तंभ असलेला तो नामांकित वाद्यवृंद काटकसरीपायीं स्टुटगार्टच्या वाद्यवृंदांत विलीन करण्यांत आला. उत्सव टिकला आहे. त्याचा एक जुना आधार गेला.

येथें वाजलेल्या बहुसंख्य रचना पुन्हा क्वचितच ऐकूं येतात, हें खरें. परंतु पेरणीच्या वेळीं कोणतें बीं रुजेल हें शेतकऱ्यालाही सांगतां येत नाहीं. म्हणून तो पेरणी सोडीत नाहीं. ज्याची हुर्यो झाली तें संगीत आणि ज्याला ‘पुन्हा एकदां’ अशी दाद मिळाली तें संगीत, हीं दोन्ही एकाच व्यासपीठावरून ऐकविलीं गेलीं. पहिल्याचा धोका पत्करला नसता, तर दुसरें ऐकावयास मिळालें नसतें.