शाळेचें मोजमाप

सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत मूल प्रत्यक्ष काय शिकतें, हें विचारण्याचा अधिकार आईबापांना आहे, तसाच कर देणाऱ्या प्रत्येक नागरिकालाहि आहे. तेव्हां शाळेचें मोजमाप व्हावें कीं नाहीं, या वादांत फारसा अर्थ नाहीं. खरा प्रश्न निराळाच आहे. मोजण्याच्या काट्याला पैशाची थैली बांधली, तर तो काटा खरें वजन दाखवील काय ? या प्रश्नाचें उत्तर इतिहासानें एकाहून अधिक वेळां दिलेलें आहे.

इ. स. 1862 मध्यें इंग्लंडांत रॉबर्ट लो या मंत्र्यानें प्राथमिक शाळांच्या अनुदानाचे नवे नियम अंमलांत आणले. सरासरी हजेरीवर दर मुलामागें 4 शिलिंग मिळावयाचे. आणखी 8 शिलिंग मात्र परीक्षेवर अवलंबून. सरकारी तपासनीस शाळेंत येई, सहा वर्षांवरील एकेका मुलास वाचन, लेखन व गणित या तीन विषयांत पारखी, आणि मूल ज्या विषयांत नापास होई त्या प्रत्येक विषयामागें 2 शिलिंग 8 पेन्स कापले जात. शाळा एक तर कार्यक्षम व्हावी, नाहीं तर निदान स्वस्त तरी पडावी, असा लो साहेबांचा हिशेब होता. स्वस्ताई लगेच पदरांत पडली. 1861 सालीं आठ लाख पौंडांच्या वर असलेलें अनुदान 1865 सालीं साडेसहा लाखांच्या आंत आलें.

कार्यक्षमतेचें काय झालें ? प्रसिद्ध कवि मॅथ्यू अर्नोल्ड हे त्या वेळीं शाळांचे तपासनीस होते. मुलें एकच पुस्तक वर्षभर घोकतात, तपासणीच्या दिवशीं त्यांतील दोन वाक्यें घडाघडा म्हणतात, आणि दुसरें पुस्तक हातीं दिलें कीं अडखळतात, असें त्यांनीं आपल्या अहवालांत नमूद केलें. यांत शिक्षकांस दोष देणें योग्य नव्हे. ज्याची भाकरी मुलाच्या दोन वाक्यांवर अवलंबून आहे, तो तींच दोन वाक्यें घोकून घेणार. ही पद्धत पुरती मावळण्यास 1897 साल उजाडावें लागलें.

निकालावर पैसे देण्याची हीच रीत मुंबई इलाख्याच्या अनुदान-नियमांतहि शिरली होती. 1882 सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं तिच्यांतील वर्म अचूक दाखविलें. ज्या लोकांत शिक्षणाची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाहीं, त्यांच्यांत केवळ निकालावर शिक्षकाचें पोट भरणार नाहीं, म्हणून तें काम पत्करण्यास कोणी धजणार नाहीं. तेथें ती गोडी उत्पन्न होईपर्यंत सरकारी शाळा व खास उत्तेजनच पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. ज्या घरांत विद्या आहे त्या घरचें मूल अर्धी वाट चालूनच शाळेंत येतें. निकालाचा काटा ती वाटहि शाळेच्याच खात्यावर जमा करतो. आणि जी शाळा अगदीं पहिल्या पायरीपासून मुलांना चढविते, तिच्या कष्टांची नोंद कोठेंच होत नाहीं.

हा धडा पुढेंहि विसरला गेला. अमेरिकेंत 2002 सालीं झालेल्या कायद्यानें सरकारी शाळांत तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षीं वाचन व गणित यांच्या परीक्षा सक्तीच्या केल्या. 2014 पर्यंत प्रत्येक मूल त्यांत प्रवीण झालें पाहिजे, असें ठरलें, आणि मागें पडणाऱ्या शाळांवर क्रमाक्रमानें कडक उपाय योजले जाऊं लागले. या कायद्याचा एक गुण नाकारतां येणार नाहीं. गरीब, कृष्णवर्णीय व अपंग मुलांचे निकाल निराळे जाहीर करावे लागल्यामुळें त्यांची उपेक्षा सरासरीच्या आड लपेनाशी झाली. परंतु भीतीनेंहि आपलें काम केलें. 2011 सालीं अटलांटा शहरांत झालेल्या सरकारी चौकशींत 44 शाळांमधील गैरप्रकार व त्यांत गुंतलेले 178 शिक्षक व अधिकारी उघडकीस आले. मुलांचीं चुकलेलीं उत्तरें पुसून बरोबर उत्तरें भरण्यापर्यंत मजल गेली होती. 2015 सालीं त्या कायद्याच्या जागीं दुसरा कायदा आला.

मग मोजावें तरी कसें ? ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानें भारतांतील खेड्यापाड्यांत 2005 पासून होत आलेली ‘असर’ पाहणी एक वाट दाखविते. स्वयंसेवक घरोघर जातात, मुलाच्या हातीं दुसरीच्या पातळीचा उतारा देतात आणि तो वाचावयास सांगतात. कोणत्याहि शाळेचें अनुदान त्या उताऱ्यावर अवलंबून नसतें. त्यामुळें तो घोकून घेण्याचें कारणच उरत नाहीं. 2024 च्या पाहणींत पांचवींतील निम्म्याहून थोड्या कमी मुलांना तो वाचतां आला. आकडा कटु आहे. पण कोणास बक्षीस वा शिक्षा देण्यासाठीं तो काढलेला नसल्यामुळें त्यावर विश्वास ठेवतां येतो.

वैद्य नाडी पाहतो ती औषध ठरविण्याकरितां. नाडी मंद लागली म्हणून तो रोग्याचें अन्न बंद करीत नाहीं. शाळेच्या परीक्षेचाहि हाच धर्म असावा. मागें पडलेल्या शाळेकडे मदत आधीं पोंचली पाहिजे, ठपका मागाहून.

आणि ज्या श्रोत्यांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत, त्यांनीं गुणपत्रिकेवरील नंबर पाहण्यापूर्वीं एवढें करावें. मुलाच्या हातीं त्यानें कधीं न पाहिलेलें एखादें पुस्तक द्यावें, आणि पांच मिनिटें तें कसें वाचतें हें शांतपणें ऐकावें.