कॉम्प्रेसरची रबरी रिंग घेताना



मसाल्याची पाकिटं भरायला काही गटांनी हवेवर चालणारं मशीन घेतलंय. त्याच्या शेजारी कॉम्प्रेसर धडधडत असतो, पण तो बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. आज बोलू या त्याच्यातल्या रबराबद्दल.

कॉम्प्रेसरचा दट्ट्या हवा दाबून टाकीत भरतो. टाकीत साधारण ८ किलो दाब असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ८ किलो. तीन सेंटीमीटर रुंदीचं गोल बूच धरा. त्यावर आतून छप्पन्न किलोचा रेटा पडतो, ज्वारीच्या पोत्यापेक्षा जास्त! लोखंडावर लोखंड कितीही आवळलं तरी बारीक फट राहतेच. म्हणून तिथे खाच पाडून रबराची रिंग बसवतात. रिंग खाचेच्या खोलीपेक्षा जरा जाड असते, त्यामुळे आवळलं की ती चेपते. मग हवेचा दाब तिलाच पलीकडच्या कडेला रेटतो आणि ती फटीवर आणखी घट्ट बसते. दाब वाढला की पकडही वाढते. पण हे सगळं रबरात उसळी आहे तोवरच. काढलेली रिंग चपटीच राहिली, पुन्हा गोल झाली नाही, तर ती संपली म्हणायची.

आता कान द्यायची गोष्ट. मोटर थांबली की एकदा 'फुस्स' होतं, ते ठीक. पण फुसफुस चालूच राहिली, तर टाकीच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बहुतेक वेळा गळत असतो. टाकीतली हवा उलटी येते, मोटर सारखी चालू-बंद होते आणि दरवेळी दाबाविरुद्ध सुरू होते. वीज जाते ती जातेच, मोटरही जळू शकते.

मग दुकानात जाऊन आपण काय म्हणतो? "ह्या मापाची द्या." इथेच घोटाळा होतो. माप पाहिजेच, पण त्याआधी दोन गोष्टी सांगा: तिथे तेल लागतं का, आणि ती जागा किती तापते.

तेलाच्या कॉम्प्रेसरमध्ये हवेबरोबर तेलाचे बारीक कण पुढे जातातच. साध्या तापमानाच्या जागी नायट्राईल रबर घ्या. ते तेलाला दाद देत नाही, पण साधारण शंभर अंशांपुढे कडक होऊन तडकतं. दट्ट्याच्या डोक्याशी आणि तिथून टाकीत येणाऱ्या नळीशी हवा त्याहून सहज जास्त तापते. तिथे व्हायटॉन लागतं. महाग आहे, पण दोनशे अंशांपर्यंत टिकतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हलाही मी तेच घ्यायला सांगेन. सिलिकॉन उष्णता सोसतं, पण घासलं की फाटतं, म्हणून हलत्या भागात नको. ईपीडीएम वाफेला आणि गरम पाण्याला उत्तम, पण मशीनच्या तेलात ते फुगून मऊ पडतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला तर त्याचीही तीच गत. फिटरभाऊ हौसेने बसवून देतात आणि काही दिवसांत गळती परत सुरू.

रंगावर जाऊ नका. नायट्राईल काळं, ईपीडीएमही काळं, व्हायटॉन तपकिरी मिळतं तसंच काळंही मिळतं. नाव विचारा, पाकिटावर लिहिलेलं बघा. तरी शंका असली तर एक जादा रिंग आणा. कागदावर ठेवून पेन्सिलीने तिची कड काढा, मग आठवडाभर कॉम्प्रेसरच्याच तेलात बुडवून ठेवा. पुसून त्याच खुणेवर ठेवली आणि फुगून बाहेर आली, तर ती तुमच्या कामाची नाही. उरलेल्या रिंगा खिळ्याला टांगू नका, उन्हात किंवा मोटरजवळही ठेवू नका. नायट्राईलला तिथे चिरा पडतात. पिशवीत घालून डब्यात ठेवा.

रिंग बदलताना आधी प्लग काढायचा, मग टाकीखालचा कॉक उघडून सगळी हवा सोडायची. काटा शून्यावर आल्याशिवाय पाना लावायचा नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय म्हणून त्याचं तोंड बंद करायचं तर मनातही आणू नका. टाकी फुटली तर माणूस जातो. तो व्हॉल्व्ह नवाच घ्या.

खाच पुसून घ्या, रिंग पीळ न पडता बसवा आणि हवा भरल्यावर सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले नाहीत, की लावा मशीनला पाकिटं.