गाडीतला आवाज



शिरवळहून टेंपो निघाला, की खंबाटकी घाट लागेपर्यंत चालक रेडिओचा कान पिळीतच जातो. इंजिनाची घरघर आणि दाराच्या पत्र्याची थरथर शब्द गिळून टाकतात. दुकानदार म्हणतो, मोठा अँप्लिफायर घाला! आमचे सांगणे उलटे आहे. आधी पत्र्याला आतून डांबरी थर चिकटवा. पाणी निथळायची खालची भोके सोडून बाकीची बुजवा. मग स्पीकर बदला. अँप्लिफायर अगदी शेवटी, आणि तोही बॅटरीलगत फ्यूज घालूनच. घासलेली तार गाडी पेटवते. खोक्यावर 50 वॅट छापलेले असोत, 12 व्होल्टच्या बॅटरीवर साधा संच स्पीकरमागे 18-20 वॅटच देतो. शिवाय वॅट दुप्पट केले, तरी आवाज वाढतो अवघा 3 डेसिबल.

ही चैन नव्हे. कारखान्यांच्या नियमांत 8 तासांना 90 डेसिबलची मर्यादा आहे. चालकाची केबिन हेही कामाचेच ठिकाण. तेथे कोण मोजतो? मालक विचारतात, गाणी ऐकायला पगार देतो काय? पूर्वी शेजारी क्लीनर असे, तो बोलता ठेवी. आता पुष्कळ गाड्यांवर चालक एकटा आहे. क्लीनरचा पगार वाचला, त्यातून दोन बरे स्पीकर द्यायला काय हरकत आहे? चालकानेही आवाज इतकाच ठेवावा, की घाटात मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यावा.