जुन्या धुराड्यात नवी शेगडी

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडमध्ये, जुन्या घरांत विटांची उघडी शेकोटी हमखास आढळते. दिसायला देखणी, पण ऊब देण्यात कंजूष. लाकडाची बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. म्हणून तिथे विटांच्या त्या कोनाड्यात काचेच्या दाराची बंद लोखंडी शेगडी बसवतात. आत जाणारी हवा कमीजास्त करता येते, लाकूड सावकाश जळतं आणि ऊब घरात राहते.

खरं काम मात्र धुराड्याचं. या शेगडीच्या मानाने जुनं धुराडं फार रुंद. त्यात धूर रेंगाळतो, थंडावतो आणि भिंतींवर डांबरासारखा काळा, चिकट थर धरतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. तो पेटला की धुराड्यातच आग भडकते. म्हणून आधी धुराडं झाडून घेतात, आत कॅमेरा सोडून भेगा बघतात. मग शेगडीपासून थेट छपरावरच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलची नळी सोडतात. पैसे वाचवायला ही नळी अर्ध्यावरच थांबवणं म्हणजे धोका विकत घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाकूड चांगलं वाळलेलं हवं, ओलावा 20 टक्क्यांच्या आत. तिकडे असं जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींना एक विनंती: पहिला जाळ करण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र बसवा आणि धुराडं दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या.